नव्या देशात जाताय? घर कुठे घ्यायचं हे असं ठरवा

सगळ्यात आधी सांगते, वर्षभराचं घर निघायच्या आधी फोटो बघून बुक करू नका. घर कितीही आवडलं, एजंट कितीही म्हणाला की उद्यापर्यंत हातचं जाईल, तरी नको. मी दोनदा देश बदललाय, पहिल्यांदा हेच केलं आणि अकरा महिने भोगले, म्हणून इतकं ठासून लिहितेय.

त्या पहिल्या घराला नाव ठेवायला जागा नव्हती. मोठ्या खिडक्या, मागे झाडं, शांत गल्ली, आणि मॅपवर ऑफिस २५ मिनिटांवर. ती २५ मिनिटं गाडीची होती हे आम्ही नीट बघितलंच नाही. आमच्याकडे गाडी नव्हती, तिथलं लायसन्स हातात यायला बरेच महिने होते, बस तासाला एक आणि रविवारी तीही नाही. नवरा सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर परत, माझं वर्क परमिट आलेलं नव्हतं, मुलगी तीन वर्षांची, आणि आम्ही दोघी त्या खिडकीतून झाडं बघत बसायचो. चालत जावं असं काही नाही, बोलायला माणूस नाही. करार बारा महिन्यांचा, मध्ये सोडला तर उरलेलं भाडं भरा, शेवटी आम्हीच दुसरा भाडेकरू शोधून दिला तेव्हा एक महिना आधी सुटलो. घर चांगलंच होतं हो, पण आमचा दिवस त्या जागेत बसत नव्हता.

म्हणून दुसऱ्या वेळी मी घरांच्या साइट उघडायच्या आधी एक कागद घेतला आणि त्यावर आमचा एक साधा मंगळवार लिहून काढला. कोण किती वाजता बाहेर पडणार, हातात काय काय असणार, मुलीला कोण सोडणार कोण आणणार, घरी कोण थांबणार, तिला दिवसभरात कुठे कुठे जावं लागणार, संध्याकाळी शेवटचं माणूस किती वाजता घरात येणार. हे तुम्हीही करा, अर्धा तास लागतो. सुट्टीचा दिवस लिहू नका, कारण सुट्टीत कुठलीही जागा छान वाटते. त्या कागदातून तुमची दोनतीन ठिकाणं पक्की होतात, कामाची जागा, शाळा किंवा कॉलेज, आणि घरी राहणाऱ्या माणसाला रोज जिथे जावं लागेल ते. मॅपवर आधी ही मांडा आणि मग त्यांच्या मध्ये कुठे राहता येईल ते बघा.

आणि घरी राहणाऱ्या माणसाचं मत सगळ्यात जड धरा, हे मला फार मनापासून सांगायचंय. आपल्याकडे काय होतं, ज्याला नोकरी मिळाली त्याच्या ऑफिसजवळ घर बघायचं, बाकीचे जुळवून घेतील असं गृहीत धरतात. पण ऑफिसला जाणारा त्या वस्तीत जागेपणीचे चार तास असतो आणि घरी असणारी व्यक्ती चौदा तास. डिपेंडंट व्हिसावरची बायको किंवा नवरा, लहान बाळाची आई, बरोबर आलेले आईवडील, यांच्यासाठी भाजीकिराणा, दवाखाना, बाग, लायब्ररी, बसस्टॉप चालत दहा मिनिटांत आहे की नाही यावर सगळं असतं. ऑफिसला जाणाऱ्याने वीस मिनिटं जास्त प्रवास करावा पण घरच्याला पायी फिरता यावं, असं निवडायची वेळ आली तर मी डोळे झाकून तेच निवडेन. आणि निवडलंही.

प्रवासाचा वेळ कसा मोजायचा तेही सांगते. मॅपमध्ये नुसतं दोन पत्ते टाकू नका, बस-ट्रेनचा पर्याय घ्या, तारीख कामाच्या दिवसाची टाका आणि वेळ सकाळी ८ ची. मग परतीचं बघा, संध्याकाळी ६ चं आणि रात्री १० चंही, कारण एखाद्या दिवशी उशीर होतोच. किती वेळा बदलावं लागतं ते मोजा. दोनदा बदलून अर्ध्या तासात पोचवणारा रस्ता आणि एकाच बसने चाळीस मिनिटांचा रस्ता यात मी कधीही दुसरा घेईन, कारण पहिली गाडी तीन मिनिटं लेट झाली की पुढची चुकते आणि मग ते अर्ध्या तासाचं एक तास होतं. चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली मांडलं होतं की कुठल्याही काळातला, कुठल्याही शहरातला माणूस सरासरी दिवसाला साधारण एक तासच जाण्यायेण्यात घालवतो, वाहन वेगवान झालं की माणसं लांब राहायला जातात पण तास तेवढाच राहतो. जायचा अर्धा तास यायचा अर्धा तास, हे माप मी तेव्हापासून धरलंय. पंचेचाळीस मिनिटांपर्यंत ताणता येतं, त्यापुढे पहिल्या वर्षी तरी जाऊ नका, कारण पहिल्या वर्षी बाकी सगळंच नवीन असतं आणि जीव दमलेला असतो.

आता पत्त्याची भानगड. खूप लोकांचं घोडं इथेच अडतं आणि कुणी आधी सांगत नाही. बऱ्याच देशांत पत्ता ही सगळ्या कागदपत्रांची पहिली कडी असते. जर्मनीत घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो की हा माणूस इथे राहायला आलाय, नोंदणी झाल्यावरच टॅक्सचा नंबर पोस्टाने घरी येतो. नेदरलँड्समध्ये चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर पोचल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेकडे नोंदणी करायची असते, त्यातून नागरिक क्रमांक मिळतो आणि त्याच्यावर पगार, विमा, बँक सगळं अडलेलं असतं. जपानमध्ये पत्ता ठरल्यावर चौदा दिवसांत वॉर्ड ऑफिसला जाऊन रेसिडेन्स कार्डावर तो लिहून घ्यायचा असतो. त्यामुळे पहिल्या चार-सहा आठवड्यांसाठी जी तात्पुरती जागा घ्याल तिथे पैसे भरायच्या आधी एकच प्रश्न लिहून विचारा, या पत्त्यावर माझी नोंदणी होईल का. सुट्टीसाठी भाड्याने देतात त्या बऱ्याच फ्लॅटवाल्यांचं उत्तर नाही असं येतं. कंपनी राहायची सोय करत असेल तर एचआरला हेच विचारा आणि उत्तर मेलवर घ्या.

ही तात्पुरती जागा महाग पडते, मान्य आहे. पण वर्षभराच्या चुकीच्या करारापेक्षा स्वस्तच. ती शक्यतो तुम्हाला जिथे कायमचं राहावंसं वाटतंय त्या भागात घ्या म्हणजे तेवढ्या आठवड्यांत त्या भागाची परीक्षा आपोआप होते.

मुलं शाळेत जाणारी असतील तर क्रम उलटा करा, आधी शाळा मग घर. अमेरिकेत सरकारी शाळा बहुतेक ठिकाणी तुमच्या पत्त्यावरून ठरते, इंग्लंडमध्ये शाळेत जागा कमी आणि अर्ज जास्त असले की घरापासूनचं अंतर पुष्कळदा बघतात. आणि हद्द कुठूनही जाते, रस्त्याच्या डाव्या बाजूची घरं एका शाळेत आणि उजव्या बाजूची दुसऱ्या शाळेत असंही असतं. घराच्या जाहिरातीत शाळेचं नाव लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, अमेरिकेत त्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या किंवा इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, साइटवर अख्खा पत्ता, घर नंबरासकट टाकून बघा, आणि या वर्षी त्या इयत्तेत जागा आहे का ते शाळेला फोन करून विचारा.

जाहिराती वाचणं ही वेगळीच भाषा आहे, ती शिकायला दोन संध्याकाळी द्या. जर्मनीत थंड भाडं आणि गरम भाडं असे दोन आकडे असतात. थंड म्हणजे नुसत्या जागेचं, गरम म्हणजे हीटिंग आणि बिल्डिंगचा खर्च धरून, आणि त्यातही वीज नि इंटरनेट बहुतेकदा वेगळंच. तिथे स्वयंपाकघर रिकामं मिळू शकतं, म्हणजे ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून नळाची तोंडं बाहेर आलेली, बस. नेदरलँड्समध्ये उघडं घर असं लिहिलं असेल तर फरशीवरचं आच्छादनही तुम्हीच टाकायचं. कॅनडाच्या क्युबेकमध्ये साडेतीन, साडेचार असे आकडे दिसतात, त्यातला अर्धा म्हणजे बाथरूम, आणि बाकीच्या आकड्यात स्वयंपाकघर-हॉल धरून खोल्या मोजलेल्या, म्हणजे साडेतीनमध्ये झोपायची खोली एकच. अमेरिकेत फर्स्ट फ्लोअर म्हणजे तळमजला आणि ब्रिटनमध्ये त्याच्या वरचा, सामान किंवा प्रॅम घेऊन चढायचं असेल तर हा फरक छोटा नाही. इंग्लंडमध्ये भाड्याशिवाय कौन्सिल टॅक्स असतो, आपल्या घरपट्टीसारखा, घराच्या किमतीप्रमाणे ए पासून एच पर्यंत पट्टे, आणि अख्खं घर भाड्याने घेतलं असेल तर तो सहसा भाडेकरूच भरतो. तेव्हा दोन घरांची तुलना करताना नुसतं भाडं बघू नका, भाडं अधिक हीटिंग अधिक टॅक्स अधिक प्रवासाचा पास, असा महिन्याचा एकच आकडा काढा. लांबचं स्वस्त घर या हिशोबात पुष्कळदा जवळच्याएवढंच पडतं, कधी महागही.

डिपॉझिटचा कायदा जायच्या आधीच वाचून ठेवा, कारण तीच तुमची चाळणी आहे. जर्मनीत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं थंड भाडं आणि तेही तीन हप्त्यांत भरायचा हक्क आहे. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने सर्वसाधारण घरांना पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे आणि मालकाने ती रक्कम तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत टाकावी लागते. कॅनडाच्या ओंटारिओमध्ये घराच्या नुकसानीसाठी म्हणून डिपॉझिट मागताच येत नाही, फार तर शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेता येतं. जपानमध्ये डिपॉझिटशिवाय रेइकिन नावाची रक्कम मागितली जाते, ती मालकाला दिलेली भेट समजतात आणि ती कधीच परत येत नाही, मात्र न घेणारी घरंही भरपूर आहेत, फिल्टर लावून शोधा. कायद्यात बसत नाही इतकं कुणी मागितलं तर वाद घालत बसू नका, त्या घरावर काट मारा. जो पहिल्याच दिवशी नियम मोडतो तो डिपॉझिट परत देताना काय करेल?

नवीन माणसाला घर मिळायला खरी अडचण येते ती इतिहास नसल्याची. अमेरिकेत क्रेडिट स्कोअर बघतात, जर्मनीत शुफा नावाच्या संस्थेचा उधारीचा रिपोर्ट मागतात, आणि तुम्ही परवा विमानातून उतरलेले, तुमच्या नावावर तिथे काहीच नाही. त्यासाठी निघतानाच एक फाइल बनवा. नोकरीचं पत्र पगाराच्या आकड्यासकट, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, बँकेतल्या शिलकीचं पत्र, आणि सध्याच्या घरमालकाकडून चार ओळी की भाडं वेळेवर दिलं, घर नीट ठेवलं. हे शेवटचं सगळे विसरतात आणि नंतर तिकडून मागवायला जीव टांगणीला लागतो. कंपनी तुमच्यासाठी जामीन राहते का ते विचारा. जपानमध्ये फी घेऊन हमी देणाऱ्या कंपन्या असतात, फ्रान्समध्ये विझाल नावाची फुकट हमी आहे, तीस वर्षांपर्यंतच्या भाडेकरूंना तिचा फार उपयोग होतो.

फसवणुकीबद्दल थोडक्यात, कारण गोष्ट तीच असते. फोटो झकास, भाडं आजूबाजूपेक्षा बरंच कमी, मालक नेमका परदेशात आणि तुम्ही पैसे पाठवले की तो चावी कुरियर करणार. पाठवू नका. तो फोटोच गुगलवर टाकून आणखी कुठे आहे का शोधून बघा, दुसऱ्याच शहराच्या जाहिरातीत सापडतात. लाइव्ह व्हिडिओ कॉल मागा आणि त्यात समोरच्याला नळ सोडायला सांगा, खिडकी उघडायला सांगा, मग तसाच फोन हातात धरून खाली रस्त्याच्या पाटीपर्यंत चालत जायला सांगा. खरा मालक कुरकुर करेल पण करेल. पासपोर्टची कॉपी द्यायचीच झाली तर त्यावर आडवं लिहा की फक्त अमुक घराच्या अर्जासाठी, आणि तारीख टाका.

आता पोचल्यावरचं काम, आणि हे काम पायांनी करायचंय. जो भाग आवडलाय तिथे तीनदा जा, एकदा कामाच्या दिवशी सकाळी, एकदा अंधार पडल्यावर, एकदा शनिवारी रात्री. दुसऱ्या वेळी मी एका बसस्टॉपवर सकाळी ७:२० ला वही घेऊन उभी राहिले होते. मॅपनुसार दर आठ मिनिटांनी बस. पहिली आली, खच्चून भरलेली, थांबलीच नाही. दुसरी थांबली, चार माणसं चढली, माझ्या शेजारी प्रॅम घेतलेली एक बाई होती, ड्रायव्हरने तिच्याकडे बघून मान हलवली आणि दार बंद केलं. तिसऱ्या बसला ती चढली, तोवर वीस मिनिटं झाली होती. तिचा चेहरा अगदी शांत होता, म्हणजे हे रोजचं होतं. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की तीन स्टॉप मागे बघू, जिथे बस सुटते तिथे, रिकामी मिळते. आणि तिथेच घर घेतलं, थोडं जुनं, खिडक्या लहान, पण मुलगी आणि मी रोज बसायला जागा मिळून गेलो.

घर बघताना वरवर बघू नका. आत शिरल्या शिरल्या आधी नाकाने बघा, ओल असेल तर वास येतो, आणि सुगंधी मेणबत्ती लावून ठेवली असेल तर जास्तच लक्ष द्या. बाहेरच्या भिंतीला हात लावा, कपाट थोडं पुढे ओढून मागे बघा, तिथेच बुरशी धरते. एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला तर तो कोपरा मुद्दाम विचारा. खिडकीच्या चौकटीचं रबर काळं पडलंय का बघा. शॉवर सुरू ठेवून फ्लश करा, म्हणजे पाण्याचं प्रेशर कळतं. जिथे बसून काम करणार त्या खोलीत उभं राहून फोन लावा. आणि पाच मिनिटं सगळ्यांना गप्प करून नुसतं ऐका, वरच्यांची पावलं, लिफ्ट, रस्ता.

उजेडाचं गणित जागेप्रमाणे बदलतं. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या खोल्यांना हिवाळ्यात ऊन मिळतं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये बरोबर उलट, तिथे उत्तरेकडच्या. स्टॉकहोमसारख्या ठिकाणी डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, तिथे अंधाऱ्या घराचा मनावर फार परिणाम होतो, हे उन्हाळ्यात घर बघताना लक्षात येत नाही. घराचं ऊर्जा प्रमाणपत्र मागा, त्यात ए हा सगळ्यात चांगला दर्जा आणि जी सगळ्यात वाईट. इंग्लंड-वेल्समध्ये काही अपवाद सोडले तर भाड्याचं घर किमान ई दर्जाचं हवं असा २०२० पासून नियम आहे, फ्रान्समध्ये २०२५ पासून जी दर्जाचं घर नव्याने भाड्याने देता येत नाही. दर्जा खालचा म्हणजे हीटिंगचं बिल वरचं, इतकं साधं आहे. जपानमध्ये बिल्डिंगचं वर्ष विचारा, जून १९८१ पासून भूकंपाचे नवे निकष लागू झाले, त्यानंतर मंजुरी मिळालेलीच बघा. अमेरिकेत पुराचे सरकारी नकाशे पत्ता टाकून बघता येतात, दोन मिनिटांचं काम आहे.

सेफ्टीबद्दल लोक पटकन सांगतात की तो एरिया वाईट. विचारा, कुठला रस्ता, किती वाजता, तुमच्या बाबतीत काय झालं. बऱ्याचदा उत्तर नसतं, तिथे गरीब किंवा बाहेरून आलेले लोक राहतात एवढंच असतं, आणि बाहेरून आलेले तर आपणही. इंग्लंड-वेल्समध्ये पोलिसांच्या साइटवर रस्त्यागणिक नकाशा मिळतो. बाकी ठिकाणी रात्री आठला तिथल्या बायका-मुलं निवांत चालतायत का ते बघा, मला तरी याच्याइतकी खात्री दुसऱ्या कशाने वाटत नाही. जिन्यात कुणी शेजारी भेटला तर विचारा की आधीचे लोक का सोडून गेले. हा प्रश्न मी प्रत्येक घरात विचारते आणि एकदा त्याच्यामुळेच वाचलोय.

आपल्या भाषेची माणसं जिथे आहेत तिथे राहायचं की लांब, यावर लोक खूप टोकाचं बोलतात. माझं मत असं की पहिल्या वर्षी बसने वीस मिनिटांत पोचता येईल इतक्या जवळ राहा. मूल रात्री तापलं, कुणाला हॉस्पिटलात न्यावं लागलं, तर फोन करायला एक घर हवं. पण अगदी त्याच बिल्डिंगमध्ये राहिलं की तिथल्या लोकांशी बोलायची गरजच उरत नाही आणि भाषा वर्षानुवर्षं येत नाही, हे मी जवळून बघितलंय.

करारावर सही करायच्या आधी तीन गोष्टी सापडल्याशिवाय पेन उचलू नका, किमान किती महिने राहायचं, किती दिवसांची नोटीस, आणि मध्येच सोडायचं तर काय. भाषा कळत नसेल तर ट्रान्सलेट अॅपवर नुसतं भागवू नका, ती येणाऱ्या माणसासमोर बसून ओळ न् ओळ वाचून घ्या. मग चावी मिळेल त्या दिवशी सामान आत आणायच्या आधी दारापासून सुरुवात करून सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा, प्रत्येक ओरखडा, फरशीवरचा डाग, वीज-गॅस-पाण्याच्या मीटरचे आकडे, आणि त्याच रात्री तो मालकाला मेल करा. आणि नोटीस द्यायची शेवटची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, त्याच्या एक महिना आधीचा रिमाइंडर लावून, त्या दिवशी सगळे एकत्र बसा आणि घरी राहणाऱ्याला पहिल्यांदा विचारा की इथेच राहायचं का.